पार्टला कुलूप कोणी लावलं?

आज चिकू नाही, मिरची नाही. आज जुन्या मोठ्या गाडीच्या पार्टवर लिहितोय. ज्यांना फक्त पिकाचं वाचायचं असतं त्यांनीही थांबा, कारण पुढे ट्रॅक्टर येणार आहे.

आपल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात फिरताना तुम्हीही बघितलं असेल. घरासमोर, आंब्याखाली नाहीतर वाडीच्या कुंपणाला लागून एक मोठी गाडी ताडपत्री टाकून उभी असते. टायर बसलेले, बॅटरी उतरलेली, खाली कोंबड्यांनी खड्डे केलेले. यातल्या काही गाड्या जमिनीच्या मोबदल्यातून आल्या. आपल्याकडून मालगाडीचा वेगळा मार्ग गेला, बुलेट ट्रेन जातेय, बडोदा-मुंबई एक्सप्रेस हायवे जातोय. जमीन गेली, पैसा आला. ज्या गाड्या आयुष्यभर हायवेच्या कडेला उभं राहून बघितल्या त्यातली एक दारात आणावी असं कोणाला वाटलं तर त्यात पाप काय आहे?

पण लोक हसतात. "पैसा आला, अक्कल गेली." नाशिकच्या द्राक्षवाल्याने तीच गाडी घेतली की तो प्रगतशील शेतकरी, आणि आमच्या पाड्यावर आली की माज. हे मला मान्य नाही. माझ्याकडेही अशीच एक आहे. घेतली तेव्हा १ लाख ६८ हजार किलोमीटर झाले होते, आज २ लाख ७१ हजार झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको आणि भांडणही नको. चिकूचे क्रेट तिच्यात भरत नाही, त्याला पिकअप आहे. आवड म्हणून घेतली आणि रोज चालवतो.

म्हणून सांगतो, ती ताडपत्रीखालची गाडी किलोमीटरमुळे मेलेली नाही. आपल्या हायवेवर टुरिस्टच्या इनोव्हा चार-पाच लाख किलोमीटर धावतात, त्यांना कोणी म्हातारी म्हणत नाही. ताडपत्रीखालच्या गाडीला एकतर पार्ट मिळाला नाही, किंवा मिळाला तो चुकीचा मिळाला, किंवा नेमकं काय गेलंय हेच कोणाला कळलं नाही. तिन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गाडीची माहिती मालकाला आणि गावच्या फिटरला मिळू दिली जात नाही. हसायचं असेल तर त्याच्यावर हसा.

आधी या गाड्या इतक्या स्वस्त कशा मिळतात ते बघू. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मग तिकडच्या चांगल्या चांगल्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात निघाल्या. तिकडच्या माणसाला गाडी काढायचीच होती, त्यामुळे भाव पडला. दलालाने इकडे आणली, पॉलिश मारलं, सीटला नवीन कव्हर घातलं आणि विकली.

यात आपला माणूस एक हिशोब विसरतो. ७० लाखांची गाडी १० लाखाला मिळाली म्हणून तिचे पार्ट १० लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ते ७० लाखांच्या गाडीचेच राहतात. मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, जेवढ्याला गाडी घेणार त्याच्या एक तृतीयांश रक्कम वेगळी बँकेत ठेव आणि मगच व्यवहार कर. तेवढी उरत नसेल तर खालची गाडी बघ. चिकूची कलमं घेताना आपण फक्त कलमाचा भाव बघतो का? खड्डा, शेणखत, पाणी, पाच वर्षांची राखण हे सगळं धरतो ना?

आणि सीटचं कव्हर बघू नका, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याला आतून चिखलाची रेघ राहते. सीटच्या पटरीला गंज असेल, कार्पेट उचलल्यावर वास येत असेल तर तिथूनच नमस्कार करा. या मोठ्या गाड्यांत कॉम्प्युटरचे डबे कार्पेटखाली नाहीतर सीटखाली असतात. पाणी एकदा तिथे गेलं की ती गाडी वर्षभर वेगवेगळे दिवे लावत राहते.

आता दुरुस्तीकडे येतो.

माझी गाडी हवेच्या सस्पेन्शनची आहे. म्हणजे पाटा नाही, स्प्रिंग नाही, रबराच्या फुग्यात हवा असते आणि एक छोटा कॉम्प्रेसर ती भरतो. एका पावसाळ्यानंतर गाडी सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेली दिसायला लागली. सर्व्हिस सेंटरला नेली (कोणाचं, कुठलं ते सोडा). त्यांनी स्कॅनर लावला आणि कागद दिला, कॉम्प्रेसर बदला, चारही फुगे बदला, साडेतीन लाखांच्या आसपास. चारही का, तर म्हणे "सेट बदलायचा असतो."

तलासरीचा आमचा फिटर, आयटीआय झालेला वारली मुलगा आहे. तो म्हणाला, "काका, आधी साबणाचं पाणी मारून बघू." मारलं. मागच्या डाव्या फुग्याच्या घडीवर बुडबुडे. रबर जिथे रोज दुमडतं तिथेच ते चिरतं, डहाणूत फुग्यांचे कारखाने असताना रबर काय असतं हे आम्हाला शिकवायला नको. रात्रभर हवा जाते, मग सकाळी कॉम्प्रेसर जीव तोडून भरत बसतो आणि तापून जळतो. ठिबकची लॅटरल फुटलेली असताना मोटार चालू ठेवली तर मोटारच जळणार, तसंच. आम्ही एकच फुगा बदलला, कॉम्प्रेसरचा रिले बदलला, कारण सतत चालून त्याचे पॉइंट चिकटायला लागले होते. सगळं मिळून ३८ हजारांत झालं. कॉम्प्रेसर आजही जुनाच आहे.

याचा अर्थ सर्व्हिस सेंटरचे सगळे चोर असं मी म्हणत नाही. तिथल्या पोराला वरून सांगितलेलं असतं की कोड आला की असेम्ब्ली बदल. तो शोधत बसला तर त्याचा वेळ बिलात बसत नाही. पण स्कॅनरचा कोड म्हणजे निदान नव्हे. इथे आपले कृषी अधिकारी, कोसबाड केंद्राचे लोक वाचतात, त्यांना हे लगेच पटेल. चिकूचं पान पिवळं पडलं म्हणजे नत्र कमी असं धरून युरिया मारणारा आणि कोड बघून पार्ट बदलणारा, दोघे सख्खे भाऊ. पान लोहाच्या कमतरतेनेही पिवळं पडतं, मुळाशी पाणी साचूनही पडतं, मुळं कुजली तरी पडतं. तसंच पी ०४०१ हा कोड आला तर त्याचा अर्थ इतकाच की ईजीआरमधून धूर परत जायला हवा तेवढा जात नाही. आता ईजीआर वॉल्व बिघडलाय, की वाटेत काजळी साठलीय, की वॅक्युमची छोटी नळी फाटलीय, की मोजणारा सेन्सरच खोटं बोलतोय, हे कोड सांगत नाही. ते माणसाने शोधायचं असतं. शोधायला माहिती लागते, कुठल्या वायरवर किती व्होल्ट यायला पाहिजे, कुठल्या नळीत किती दाब पाहिजे. ते ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक आमच्या फिटरला मिळत नाही.

मग तो काय करतो? जुगाड करतो. आणि इथे मी आपल्याच माणसांवर बोलणार आहे, राग आला तरी चालेल.

गाडी गरम होते? थर्मोस्टॅट वॉल्व काढून फेकून दिला. दिवा लागतो? सेन्सरची वायर कापली. सायलेन्सरचा फिल्टर म्हणजे डीपीएफ चोंदला? कापून आतला मसाला काढला, वरून वेल्डिंग. चार दिवस गाडी बरी चालते आणि गावभर नाव होतं, काय हुशार मिस्त्री आहे म्हणून. थर्मोस्टॅट काढला की इंजिन पूर्ण तापतच नाही, डिझेल जास्त खातं, काजळी वाढते. डीपीएफ चोंदायचं खरं कारण बहुतेक वेळा असं असतं की गाडी घर ते नाका, नाका ते घर एवढीच फिरते. त्या फिल्टरला स्वतःला जाळून साफ करायला लांब, एकसारखी धाव लागते. आठवड्यातून एकदा तलासरीहून मनोरपर्यंत हायवेला एका वेगात नेऊन आणा, निम्म्या तक्रारी जातील. फिल्टर कापणं कायद्यातही बसत नाही आणि तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. ज्याला बिघाडाचं कारण सापडत नाही तो बिघाड दाखवणारा दिवाच काढतो. पण म्हणून फिटरला शिव्या घालून भागत नाही. कारण सापडायला हवी ती माहिती त्याला कोणी दिलीय?

कंपनीचा शब्द शेवटचा मानणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. बऱ्याच मोठ्या गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" आहे, बदलायची गरज नाही. यातल्या कित्येक गाड्यांचा गिअरबॉक्स बनवते जर्मनीची झेडएफ. ती झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, यात ऑइल बदला. गिअरबॉक्स बनवणारा म्हणतो बदला, गाडी विकणारा म्हणतो नको. कोणाचं ऐकायचं? लाइफटाइम म्हणजे कोणाची लाइफ? वॉरंटीची की गाडीची? दोन-अडीच लाख किलोमीटरची गाडी घेतली असेल तर पहिलं काम हे करा. फक्त ऑइल त्याच नंबरचं घ्या आणि लेव्हल सांगितलेल्या तापमानालाच बघून घ्या, अंदाजाने ओतू नका.

अजून एक. घेण्याआधी त्या इंजिनाचं दुखणं काय असतं ते विचारून घ्या. प्रत्येक इंजिनाचं ठरलेलं असतं, जसं कालीपत्तीला बी पोखरणारी अळी. मर्सिडीजचं ३ लिटरचं ओएम ६४२ डिझेल इंजिन दणकट आहे, पण त्याच्या दोन बाजूंच्या मधल्या खोबणीत ऑइल कूलर बसवलाय, त्याचं सील जुनं झालं की ऑइल गळतं. सील दोन, किंमत किरकोळ. पण तिथे हात पोचायला टर्बो आणि वरचं सगळं सामान उतरवावं लागतं, म्हणजे मजुरी दोन-तीन दिवसांची. कंपनीने पुढे जांभळ्या रंगाचं सुधारलेलं सील काढलं. एकदा उघडलं की तेच घाला, जुन्या पद्धतीचं नारिंगी नको. ऑडी क्यू ७ च्या ३ लिटर डिझेलची टायमिंग चेन इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन वाजायला लागली तर चेनच्या किंमतीचा विचार करू नका, ती उघडायच्या मजुरीचा करा. फॉर्च्युनरचं तसं नाही, इनोव्हाच्या घराण्यातली असल्यामुळे नाक्यावरच्या मिस्त्रीलाही तिची नस ओळखीची असते. म्हणूनच जुनी फॉर्च्युनर महाग मिळते. लोक गाडीचे नाही, दुरुस्तीचे पैसे मोजतात.

पार्ट कसा शोधायचा? दुकानात जाऊन "अमुक गाडीचा २०१२ चा लोअर आर्म द्या" असं सांगाल तर फसाल. एकाच वर्षात कंपनी दोन-तीन प्रकार घालते. १७ आकडी-अक्षरी चेसिस नंबर सांगा, त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या, आणि जुना पार्ट खोलून त्याच्यावर कोरलेला नंबर त्याच्याशी जुळवा. मग त्या पार्टवर कोणाचं नाव आहे ते बघा. गाडीची कंपनी फार थोड्या गोष्टी स्वतः बनवते. इंजेक्टर बॉशचा किंवा डेन्सोचा, फिल्टर मानचा, लोअर आर्म लेमफर्डरचा, शॉकअप साक्सचा. तोच कारखाना, तोच साचा, फक्त गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेल्या डब्यात आला की भाव वेगळा. कधीकधी तर बनवणाऱ्याचं नाव घासून काढलेलं दिसतं, हात फिरवला की कळतं.

मुंबईत आपल्याला जवळचं म्हणजे कुर्ल्याचा सीएसटी रोड. डहाणू लोकलने दादर, तिथून मध्य रेल्वेने कुर्ला, पश्चिमेला उतरायचं. जुना पार्ट पिशवीत बरोबर न्या. दिल्लीत नव्या पार्टला काश्मिरी गेट आणि जुन्याला मायापुरी. शारजाहूनही जुने पार्ट येतात, पण तिकडे गाडी उजवीकडून चालते, स्टिअरिंग डावीकडे. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे ठीक, पण स्टिअरिंग रॅक आणि हेडलाइट तिकडचे आपल्याला चालत नाहीत. हेडलाइट बसेल कदाचित, पण उजेड समोरच्याच्या डोळ्यात जाईल.

भंगारातून काय घ्यावं यावर माझं मत पक्कं आहे. काच, दरवाजा, आरसा, स्विच, अल्टरनेटर, लोखंडी हाऊसिंग खुशाल घ्या, पावती मागून घ्या, चोरीच्या गाडीचा पार्ट दारात नको. रबर, ब्रेकची नळी, बेल्ट आणि एअरबॅग जुनी कधीच नाही, कोणी फुकट दिली तरी नाही. नव्या पार्टचं बिल घेताना तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या दराने बिल फाडणारा भेटला तर तिथेच बोला.

आता मूळ भांडणाकडे. समजा भंगारातून तुम्ही पावतीने, इमानदारीने कॉम्प्युटरचा एक डबा घेतला. तोच नंबर, तीच गाडी. बसवला. चालत नाही. कारण तो डबा पहिल्या गाडीच्या चेसिस नंबरला बांधलेला असतो आणि कंपनीच्या कॉम्प्युटरने मोकळा केल्याशिवाय दुसऱ्या गाडीत बोलत नाही. ऑडी-फोक्सवॅगनच्या घराण्यात याला कम्पोनंट प्रोटेक्शन म्हणतात. पार्ट मी विकत घेतला, गाडी माझ्या नावावर, आरसी बुकात माझं नाव, तरी परवानगी तिसऱ्याची. शेजाऱ्याच्या विहिरीला आपण कुलूप लावत नाही, पण आपल्या विहिरीला दुसऱ्याचं कुलूप आपण गपगुमान चालवून घेतोय.

कंपनीवाले म्हणतात हे चोरी थांबवायला आहे, सुरक्षेसाठी आहे. चावीच्या आणि एअरबॅगच्या बाबतीत मी ते मानतो. चोराने डबा बदलून गाडी पळवू नये हे बरोबरच आहे. पण मग आरसी बुक आणि आधार दाखवणाऱ्या मालकाला तरी कुलूप उघडून द्या, रीतसर फी घेऊन द्या. आणि हवेच्या सस्पेन्शनच्या दाबाचा आकडा सांगितल्याने कुठला चोर गाडी पळवणार आहे?

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. एका गाडीमालकाच्या २०११ च्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला निकाल दिला. १४ गाडी कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपये दंड. त्यात परदेशी होत्या तशा आपल्या देशी मोठ्या कंपन्याही होत्या. आयोगाचं म्हणणं आपल्या भाषेत असं, की गाडी घेईपर्यंत तुम्ही दहा दुकानांत फिरू शकता, पण एकदा घेतली की पार्टसाठी एकच दुकान उरतं, आणि त्या एकट्या दुकानदाराने त्याचा गैरफायदा घेतला. पार्ट खुल्या बाजारात मिळू द्या, बाहेरच्या गॅरेजला तपासणीची साधनं आणि माहिती द्या, बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी रद्द करू नका, असंही सांगितलं. कंपन्या कोर्टात गेल्या. त्याला दशक उलटून गेलं, आणि आमच्या फिटरच्या हातात अजून ते पुस्तक आलेलं नाही.

कंपनीच निघून गेली तर? जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात विक्री बंद केली, त्यांचा कारखाना आपल्या तळेगावला होता. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवू असंही सांगितलं. पण कॅप्टिव्हा किंवा एन्डेव्हर ज्याच्या दारात आहे त्याला विचारा, रात्री झोपताना काय विचार येतो. कंपनी असेपर्यंत माहिती कुलपात, आणि कंपनी गेली की कुलूपही तिथेच आणि चावी बोटीने परदेशी. माहिती आधीच खुली असती तर दहा छोट्या कारखान्यांनी, आपल्या वापी-उंबरगावच्या जीआयडीसीतल्यांनीसुद्धा, बुश आणि रबर बनवून दिलं असतं.

आता ट्रॅक्टर. "मोठ्या गाडीवाल्यांचं दुखणं, आम्हाला काय" म्हणून ज्यांनी इथपर्यंत कंटाळत वाचलं, त्यांच्यासाठी.

५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवीन नियम लागू झाले. त्याबरोबर कॉमन रेल पंप, इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर, सेन्सर आणि कॉम्प्युटरचा डबा ट्रॅक्टरवर आला. धूर कमी झाला ही चांगली गोष्ट आहे, माझा विरोध त्याला नाही. पण जुन्या ट्रॅक्टरचा पंप तुम्ही खोलून नाक्यावर नेत होता. याचा नेऊन बघा. माझ्या गाडीत मी दहा वर्षांपूर्वीची जी कुलपं आज उघडतोय तीच आता शेतात येतायत. फरक एवढाच, माझी गाडी आठवडाभर उभी राहिली तर मी एसटीने जाईन. भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहिला तर रोपं म्हातारी होतात.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं भांडण केलं. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, कंपनीने पार्ट, पुस्तक आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला द्यायचं. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअरवर दावाच ठोकला. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं हा विषय आहे. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने तिथे माहिती टाकली तर टाकली.

माझं म्हणणं, कायद्याची वाट बघत बसू नका, अनुदानाचं टोक आपल्या हातात आहे. महाडीबीटीवरून यांत्रिकीकरणाचं अनुदान जातं तो पैसा सरकारचा म्हणजे आपला आहे. ज्या ट्रॅक्टरचं पार्ट बुक आणि दुरुस्तीचं पुस्तक मराठीत मिळत नाही, ज्याचा कोड बाहेरच्या स्कॅनरने वाचता आणि मिटवता येत नाही, त्याला अनुदान नाही, एवढी एक अट घाला. बघा किती दिवसांत पुस्तकं छापून येतात. कृषी अधिकारी वाचत असाल तर वर कळवा. आणि कोसबाडच्या केंद्राला विनंती, फवारणीचं, छाटणीचं प्रशिक्षण घेता तसं दोन दिवसांचं स्कॅनर आणि मल्टीमीटरचं प्रशिक्षण पाड्यावरच्या फिटर पोरांना द्या. ही पोरं हुशार आहेत, आज ती अंधारात हात घालून काम करतायत.

एक धोक्याची गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. नव्या डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते, तिच्यात युरियाचं पाणी जातं. एकाने त्यात आपल्या खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून ओतला, युरिया तो युरियाच म्हणून. खताच्या युरियाला कडुनिंबाचं तेल चोळलेलं असतं. गाडीचा युरिया ३२.५ टक्क्यांचा, अगदी स्वच्छ पाण्यात बनवलेला लागतो. नोझल चोंदली, पंप गेला, आणि बिल ऐकून तो ओटीवरच बसला. शिवाय अनुदानाचं खत गाडीत ओतणं गुन्हा आहे तो वेगळाच.

आणि समुद्राकाठच्यांनी, बोर्डी-चिंचणीवाल्यांनी, वाळूवर गाडी घातली तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुवा. ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि एसीचा कंडेन्सर खारी हवा आधी खाते.

मला पुढच्या हंगामाआधी ट्रॅक्टर बदलायचाय. दोन शोरूममध्ये जाऊन आलो. एसी केबिन दाखवली, मोबाइलवर ट्रॅक्टर कुठे उभा आहे ते दाखवलं, हप्ता समजावला, चहा दिला. मी विचारलं, पार्ट बुक मिळेल का? दिवा लागला तर आमचा फिटर बघू शकेल का? एकाने सांगितलं की तशी गरजच पडत नाही. दुसरा म्हणाला वर विचारून फोन करतो. त्याला आज ११ दिवस झाले. जुना ट्रॅक्टर अजून विकलेला नाही.

तुमच्यापैकी कोणाला कुठल्या ट्रॅक्टरचं दुरुस्तीचं पुस्तक मिळालं असेल तर कंपनी आणि मॉडेल कळवा. पुढची नोंद पावसातल्या चिकूच्या फळगळीवर.